शांत वेळ, दुपारी दोन ते चार

९ जानेवारी
नवजात कक्ष, हरिबा स्मारक रुग्णालय, बीड

लुबना,

बाटल्या उकळून, वाळवून डब्यात ठेवल्या आहेत. त्यांच्याखाली हा कागद आहे. गुफरानभाईंना सांगितलेलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी तो नेला नसता. ते रोज सकाळी नांदूरघाटहून फळांच्या मार्केटला येतात, वाटेत इथं दुधाचा थर्माकोलचा डबा देतात आणि कालचा रिकामा नेतात. चाचींनी तुला घरी नेल्यापासूनच्या चार दिवसांत तुझा नवरा माझ्याशी दोनच वाक्यं बोललाय. "दूध घ्या." "डबा द्या." तुझा फोन लागतो, पण उचलतात तुझ्या सासूबाई. मी "चाँदबी चाची, मंजुषा सिस्टर बोलतेय" म्हणेपर्यंत फोन बंद.

मुलगी बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. वजन बाराशे दहा ग्रॅम. नळीनं दूध चालू आहे, तुझंच. थोडा संसर्ग निघाला, त्याची इंजेक्शनं चालू आहेत, काळजीचं काही नाही.

तिच्या काचेच्या पेटीवरचं पुठ्ठ्याचं कार्ड मी काढलेलं नाही. तू सांगत गेलीस आणि मी लिहीत गेले, ते सगळं तसंच आहे. डाव्या कुशीवर ठेवलं तर श्वास संथ चालतो. तळपायांना घडी केलेल्या फडक्याचा टेकू लागतो. बोटं फाकवली तर हात काढून घ्यायचा, तिला नको आहे. मूठ तोंडाशी नेली तर भूक आहे, मग घड्याळात काही का वाजलेलं असेना. शेजारच्या पेटीतल्या मुलाला टेकू अजिबात खपत नाही, तो लाथा मारून फडकं उडवतो. पाच पेट्या, पाच तऱ्हा. पुण्याच्या प्रशिक्षणात आम्हाला तीन दिवस हेच शिकवलं. वेळेआधी आलेल्या बाळाला आपल्या सोयीनं हाताळायचं नाही, त्याला विचारून हाताळायचं. आणि त्याचं म्हणणं सगळ्यांत आधी त्याच्या आईला कळतं. हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

चार तारखेला जे झालं त्यात चूक कुणाचीच नव्हती. इतक्या लहान बाळांचा श्वास कधी कधी थांबतो. पुन्हा सुरूही होतो, झालाच ना. तू परत ये. चाचींना सांग, डॉक्टर सोमनाथ सरांनीच बोलावलंय.

उभ्यानंच लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय. आजकाल बसवत नाही.

मंजुषा


११ जानेवारी

लुबना,

आज डब्यात तीनच बाटल्या निघाल्या, त्यातली एक अर्धी. सहा तारखेला आठ होत्या. तू दूध काढायला बसतेस तेव्हा जवळ कुणी असतं का? पाठीला टेकायला काही घेतेस का? तिची टोपी पाठवतेय, दोन दिवस डोक्यावर होती, मुद्दाम धुतली नाही. दूध काढायच्या आधी नाकाशी धर. हसू नकोस, याचा उपयोग होतो. तूही तुझ्या जुन्या ओढणीचा तुकडा डब्यात घाल, मी तिच्या गालाशी ठेवीन.

वजन बाराशे दहाच.

सरांनी ऊब मिळावी म्हणून बाळांना कापडानं आईच्या छातीशी बांधणं बंद केलंय. सगळ्यांचंच. आया आता दूध काढून देतात आणि व्हरांड्यात बसतात. ती आष्टीची बाई आठवते ना, जुळ्यांची आई, तुला "ए बारकी" म्हणायची? ती काल मला सगळ्यांसमोर म्हणाली, "काय वो सिस्टर, पंधरा दिवस छातीशी घ्या, छातीशी घ्या म्हणून आमचा जीव खाल्ला. आता घेतो म्हणलं तर कावून न्हाई? एकीचं चुकलं म्हणून सगळ्यांची लेकरं पेटीत कोंडायची व्हय?"

एकीचं चुकलं, असं ती म्हणाली. मी तिथून निघून आले. साठा मोजायचं काम नसताना मोजत बसले.

चाचींचं म्हणणं गुफरानभाईंनी आज तुटक तुटक सांगितलं. छिल्ला आहे, चाळीस दिवस बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, दवाखान्यात होती तोवर गोष्ट निराळी होती. म्हणजे अठ्ठावीस तारखेपर्यंत. लुबना, अठ्ठावीसला अजून सतरा दिवस आहेत. इथं आम्ही तासांनी मोजतो.

तुला वाटत असेल, ही बाई एवढी का मागे लागलीय. खरं सांगू, मला रिकामं राहता येत नाही. आमच्या घरात, माजलगावच्या पलीकडच्या आमच्या वस्तीवर, बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागला तेव्हा आप्पांनी फाट्यावर माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला. एरवी तिथं पुढाऱ्यांचे वाढदिवस असतात. त्याच्यावर छापलं होतं, "डॉक्टर मंजुषा". मी म्हटलं, आप्पा, मी डॉक्टर नाही. ते म्हणाले, "छापणाऱ्याला कळत न्हाई, आन वाचणाऱ्यालाबी न्हाई, तू कावून बोंबलती?" आई वत्सलाबाई अजूनही बाजारात तसंच सांगते. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं. असं सोडून द्यायची सवय लागते माणसाला.

हे का लिहिलं कोण जाणे. ये.

मंजुषा


१३ जानेवारी

लुबना,

डब्यात ओढणीचा तुकडा होता आणि त्यात गुंडाळलेली तुझी चिठ्ठी. ती सात-आठ वेळा वाचली. इथं उतरवून घेते, म्हणजे उत्तर देताना मला पळता येणार नाही.

"सिस्टर, दोनी चिठ्या भेटल्या. टोपी उशीखाली हाय. मी घरात वाचून दाखवलं. अम्मी म्हणल्या, चूक कुणाचीच न्हाई म्हणती म्हंजे तुझीच हाय, शिश्टर भली बाई हाय म्हणून झाकती. आता तुमीच सांगा. मी तिला दाबलं का? तुमी रजिस्टरात लिवलेलं सरांना मोठ्यानं वाचून दाखवलं, का आईच्या छातीवर असताना मान वाकली म्हणून श्वास थांबला. मला तर तिची मान सरळ दिसत होती. पण मी येडी असन. आता दूध काढाय बसले का तेच आठवतं. ते खरं हाय का? तिच्या डोक्याला काई झालं का? लुबना."

शेवटचं आधी. सहा तारखेला तिच्या डोक्याची सोनोग्राफी झाली. चांगली आहे. सरांनी दोनदा पाहिली. पुढे डोळे आणि कान तपासायचे असतात, ते प्रत्येकच बाळाचे तपासतात.

तू तिला दाबलं नाहीस. कापड मी बांधलं होतं, ते सैल नव्हतं आणि घट्टही नव्हतं. मान कधी कधी किंचित वाकते, आपल्याला दिसत नाही. वाकली असेल, नसेलही. त्या वेळी सगळं इतकं घाईत झालं. तू मला हाक मारली होतीस हेही मला आठवतं. त्या वेळी शांत वेळ चालू होती, खोलीत अंधार होता, म्हणून मला लगेच कळलं नाही. तुझ्यासारख्या आईनं स्वतःला एवढा दोष देऊ नये. एकोणिसाव्या वर्षी तू जे केलंस ते

पुढचं खोडलं. नको ते कौतुक.

उद्या नीट लिहिते.

मंजुषा


१५ जानेवारी

लुबना,

काल लिहिलं नाही. आज सकाळी गुफरानभाई आले आणि डबा टेबलावर ठेवून तिथंच उभे राहिले. आत एक बाटली, तळाशी बोटभर दूध. मी विचारलं, एवढंच? ते म्हणाले, "एवढंच. आता उद्यापासून येत न्हाई. दूध न्हाई तर येऊन काय करू?"

मी म्हटलं, तिला चिठ्ठी दिली का?

"दिली. सिस्टर, राग येऊ द्या नका देऊ, तुमी लिवता लई, सांगता काईच न्हाई. वाकली आसंल, नसंलबी. हे काय उत्तर झालं? मी चिकूच्या पेटीवर आसं लिवू का, गोड आसंल, नसंलबी? ती काल दिवसभर जेवली न्हाई. भिताडाकडं तोंड करून बसलीय. अम्मीसुदिक आता गप झाल्यात."

मी म्हटलं, उद्या एकदाच या, दुधासाठी नाही, कागदासाठी.

तर हा तो कागद. आज बसून लिहितेय.

चार जानेवारी. शांत वेळ ही माझी कल्पना होती, सरांची नाही. पुण्याहून शिकून आले होते. दुपारी दोन ते चार पडदे ओढायचे, दिवे मंद करायचे, बोलणं कुजबुजून, कुणीही बाळाला सुई टोचायची नाही, आया बाळांना छातीशी घेऊन बसतील. सरांनी परवानगी दिली ती एवढ्यालाच. पण बाळांचे श्वास आणि ठोके मोजणारे मॉनिटर मधेच ओरडायचे. पायाची वायर सरकली तरी ओरडायचे. एक ओरडला की पाचही बाळं दचकायची. म्हणून मी पाचही मॉनिटरचे आवाज बंदच्या जवळ आणले आणि त्यांची तोंडं भिंतीकडे फिरवली, उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून. मी डोळ्यांनी पाहत राहीन, मशीनची काय गरज, असं मला वाटलं. हे मी कुणालाही विचारलं नव्हतं. तुमच्यापैकी एकीलाही सांगितलं नव्हतं. हे असं अकरा दिवस चाललं.

त्या दिवशी सकाळी नऊलाच तू मला म्हणालीस, "सिस्टर, आज ही माझं बोट धरीना." मी म्हटलं, दमली असेल. अकराला पुन्हा म्हणालीस, "हिचा रंग बघा बरं." मी पाहिला आणि ठीक आहे म्हटलं. मी खरंच पाहिला होता का, मला आता सांगता येत नाही.

दोनला तिला तुझ्या छातीशी बांधलं. तिची मान सरळ होती. मी स्वतः हनुवटीखाली दोन बोटं घालून पाहिली होती.

सव्वादोनच्या सुमारास तू म्हणालीस, "सिस्टर, ही गप झालीय." मी ओठांवर बोट ठेवलं. तू म्हणालीस, "ही झोपली न्हाई वो, झोपल्यावर ही अशी नसती." मी म्हटलं, "झोपू दे तिला. झोप मोडायची नाही, सांगितलंय ना?" मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. फोटो काढत होते. अंधाऱ्या खोलीत चार आया ओळीत आणि बाळं छातीवर, हे मला प्रशिक्षणाच्या ग्रुपवर टाकायचं होतं. त्याखाली काय लिहायचं तेही ठरलं होतं. सगळ्या जणी नीट फ्रेममध्ये याव्यात म्हणून मी खुर्चीवर चढले होते, लुबना.

तो फोटो माझ्याकडे आहे. दोन वाजून बावीस मिनिटं. त्यात तीन आया खाली पाहतायत. तू एकटी माझ्याकडे पाहतेयस आणि तुझं तोंड उघडं आहे. तू बोलतेयस.

मग तू ओरडलीस. मी आले तेव्हा ती निळी पडली होती. सर धावत आले, मास्क लावून पिशवीनं श्वास दिला, पाठ चोळली, ती परतली. किती वेळ गेला ते कुणालाच माहीत नाही, कारण सांगणारं मशीन भिंतीकडे तोंड करून होतं. सरांनी विचारलं, काय झालं? चाची दारातून म्हणाल्या, "हिनंच छातीशी दाबून धरलं आसंल, मी पहिल्यापास्नं सांगत होते, काचेतलं लेकरू काचेत ऱ्हाऊ द्या." आणि मी काहीच बोलले नाही. त्या धांदलीत मॉनिटरचे आवाज पुन्हा वाढवले, त्यांची तोंडं सरळ केली. मग रजिस्टर घेतलं आणि लिहिलं, मान वाकल्यामुळे. पुस्तकात तसं होऊ शकतं असं आहे, म्हणून ते हाताला लगेच सुचलं. सरांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "हो सर."

सात तारखेला रक्ताचा रिपोर्ट आला. संसर्ग होता. सकाळपासून होता. बोट धरत नव्हती ती त्यामुळे. रंग उतरला तो त्यामुळे. श्वास थांबला तो त्यामुळे. तू नऊला सांगितलंस तेव्हाच मी सरांना हाक मारली असती तर दुपारचं ते झालंच नसतं बहुधा. हे मला नऊ तारखेला माहीत होतं आणि मी तुला लिहिलं, थोडा संसर्ग निघाला, काळजीचं काही नाही. सरांनी तुला बोलावलंय हेही खोटं लिहिलं.

तुझ्या मांडीवर, छातीवर, हातात तिला काहीही झालेलं नाही. त्या खोलीत तिच्याकडे पाहणारी तू एकटीच होतीस.

हे घरात मोठ्यानं वाच.

मंजुषा


१६ जानेवारी

लुबना,

गुफरानभाईंनी कालचा कागद माझ्यासमोर उघडून वाचला. फळांच्या पेट्या भरलेला टेम्पो बाहेर उभा, मागून हॉर्न वाजतायत, आणि ते वाचतायत. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "ह्याच्यावर शिक्का कुठाय?"

मी म्हटलं, हे माझं पत्र आहे.

"पत्र तुमी मला देताय. रजिस्टर सरकार बघतं. तिथं माझ्या बायकोचं नाव हाय. उद्या पोरगी मोठी झाली, कुठल्या डॉक्टरनं जुने कागद मागितले, तवा त्याच्यात काय निघंल? आईनं मान मोडली." मग कागदाची घडी करत ते म्हणाले, "मला वाटलंतं तुमी आमच्या बाजूच्या हाय."

मी दहा वाजता सरांच्या खोलीत गेले. पत्रात लिहिलं तेच सगळं सांगितलं, फोनवरचा फोटो दाखवला. सरांनी तो बोटांनी मोठा केला, तुझ्या चेहऱ्यापाशी थांबले. मग विचारलं, "आवाज त्या दिवशीच कमी केला होता की रोज?"

"रोज. अकरा दिवस."

"अकरा दिवस." त्यांनी चष्मा काढला. "मंजुषा, मी त्या मुलीला इथंच, या खुर्चीत बसवून समजावलं, की बाई, मान अशी धरायची नसते. तिनं मला विचारलंसुद्धा, सर, पण सरळच होती ना? मी म्हटलं, सिस्टरांनी पाहिलंय."

त्यांनी रजिस्टर मागवलं. जुन्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरं ते लिहून तारीख-वेळ घालून सही करायची. मी तसं केलं. त्यांनी खाली सही केली, शिक्का मारला. त्याची झेरॉक्स सोबत आहे. दोन प्रती काढल्यात, एक चाचींना द्या.

मला मेमो मिळालाय. चौकशी होईपर्यंत नवजात कक्षात पाय ठेवायचा नाही. मागच्या इमारतीत चादरी-गोधड्यांच्या खोलीत बसवलंय. बाळांना छातीशी घेणं आजपासून पुन्हा सुरू झालं, मॉनिटर सगळ्यांना दिसतील असे आणि आवाज पूर्ण ठेवून. आष्टीच्या बाईला दोन्ही मुलं एकदम दिली म्हणे. ती एवढी रडली की एका मुलाला उचकी लागली.

आप्पांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं. पलीकडे चालू असलेला टीव्ही त्यांनी बंद केला.

"नोकरी गेली का?"

"अजून नाही."

"पोरगी?"

"कुणाची?"

"तुझ्यामुळं निळी पडलेली."

"आहे, आप्पा. बरी आहे."

"तिच्या आईच्या पाया पडली का?"

"अजून नाही."

"मग मला कावून फोन करती?" आणि ठेवला.

लुबना, वजन बाराशे दहावर अडलं होतं, काल बाराशे झालं. हे मला आत न जाता दुसऱ्या सिस्टरकडून कळलं. तुला भीती घालायला लिहीत नाही. पण लपवायचं आता काही उरलेलं नाही, तर हेही का लपवू?

मंजुषा


२० जानेवारी

लुबना,

तू माझ्यापासून पन्नास पावलांवर आहेस आणि मी पत्रच लिहितेय. समोर यायची हिंमत नाही म्हणून नाही. तू अठराला आलीस तेव्हा व्हरांड्यात समोरासमोर आलो. मी वाकायला लागले, तर तू बाजूनं निघून गेलीस. बरोबर केलंस. तुला आत जायची घाई होती.

दारातलं सगळं मला नंतर आष्टीच्या बाईनं करून दाखवलं, चाचींची नक्कल काढत. रखवालदारानं विचारलं, अहो, तुमचा छिल्ला संपला नाही ना, सुनेला नेताना तर तुम्हीच सांगत होता? चाची कमरेवर हात ठेवून म्हणाल्या म्हणे, "छिल्ला म्हंजे काय रं? बाळंतिणीनं लेकरासंगं घरात ऱ्हायचं. लेकरू हितं हाय तर घर हितंच हाय. सरक, घरात जाऊ दे मला."

आज दुपारी त्या गोधड्यांच्या खोलीत आल्या. एकट्याच. मी उठून उभी राहिले. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"तूच ती लिवणारी?"

मी हो म्हटलं. माझा आवाज इतके दिवस फोनवर ऐकला, तोंड मात्र कक्षात कायम मास्कखाली असायचं.

"दोन मऊ गोधड्या दे. जुन्या दे, नव्या टोचतात."

मी शोधून दिल्या. त्यांनी गालाला लावून पाहिल्या, एक परत केली, दुसरी मागितली. मग स्टुलावर बसल्या.

"मी तिला लई बोलले," त्या म्हणाल्या. "दहा दिवस. जेवताना बोलले, निजताना बोलले. तू झाकत होती म्हणून मला वाटलं, लईच मोठं कायतरी झाकती ही. तुझ्या भलेपणानं माझी सून अर्धी केली, कळलं का?"

"हो, चाची."

"तो कागद गुफरान्यानं वाचला तवा मी त्याला म्हणलं, परत वाच. तीनदा वाचाय लावला. मग तिच्यापुढं जाऊन बसले. तिला म्हणलं, बोल आता मला काय बोलायचं ते. तर म्हणती, अम्मी, आधी जेवते, दूध यायला पायजेल. एवढंच." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "काल एक बाटली भरली. आज सकाळी दीड. आन मघाशी पोरीनं तिचं बोट धरलं. सिस्टर म्हणती, वजन वीस वाढलंय. वीस म्हंजे किती गं, मूठभर?"

मी म्हटलं, वीस ग्रॅम म्हणजे चिमूटभरच, पण पुष्कळ आहे.

"मलाबी आज दिली छातीवर," त्या म्हणाल्या. "लुबना जेवाय गेली तवा. नळी-बिळी सगळी संभाळून. मी बसले तशीच, हलले न्हाई. माझं पोट वाजायलं, ते तिला ऐकू जातंय का काय म्हणून लाज वाटली." त्या हसल्या, लगेच थांबल्या. "तुला शिव्या द्यायला आले होते. लई पाठ करून आले होते."

"द्या ना."

"आता दम न्हाई. उद्या देते."

उठताना त्या दारात थांबल्या आणि तुझा निरोप सांगितला. तू म्हणालीस तसाच, एक शब्दही इकडचा तिकडे न करता सांगितला असणार, कारण बोट उभं करून सांगत होत्या. "ती म्हणती, सकाळी कक्षाच्या दारापर्यंत ये. काचेतून बघ. आत न्हाई."

आत का नाही हे मी विचारलं नाही. सरांची मनाई आहेच. पण ती मनाई उठली तरी, तू म्हणेपर्यंत आत येणार नाही. चौकशीत काय व्हायचं ते होईल. मला पुन्हा त्या पेट्यांजवळ काम करायचंय, हे तुझ्यापासून लपवत नाही. त्यासाठी मी सरांना अर्ज देणार आहे आणि त्यात झालं ते सगळं लिहिणार आहे. तुला तो वाचून पाहायचा असेल तर आधी तुझ्याकडे पाठवीन. नको म्हणालीस तर नाही देणार.

हा कागद चाचींच्या हातीच देतेय. या वेळी कशाच्या खाली लपवलेला नाही.

सकाळी साडेसहाला येते. बाहेर चपला काढून काचेपाशी उभी राहीन. किती वेळ उभं राहायचं, ते तू सांग.

मंजुषा